तांबटाने उघडलेलं इंजिन

काका, तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि बाजारात तुमची गोष्ट आत्ताच बिघडायला लागली आहे. काल वाण्याच्या दुकानात एक जण सांगत होता की कर्जतच्या तांबटाने माझ्या मोटारीच्या पोटात मंतरलेला तांब्याचा ताईत घातला, म्हणून ती पाणी पीत नाही. दुसरा म्हणाला, ताईत कसला, म्हाताऱ्याने रातोरात अख्खं इंजिनच बदललं. तेलाची बाटली भरून होईपर्यंत मी ऐकून घेतलं आणि मग दोघांनाही सांगितलं, "यातलं काही झालेलं नाही. त्यांनी एक भोक चुकून बुजवलं, म्हणून खरं भोक सापडलं." दोघं हसले. मी विनोद करते आहे असं त्यांना वाटलं.

म्हणून लिहायला बसले. तुम्हालाच सांगितल्यासारखं लिहिते, म्हणजे मला वाढवून सांगता येणार नाही. आणि तुम्हाला मध्ये तोंड घालता येणार नाही. पाच वर्षांत ही सोय मला पहिल्यांदाच मिळते आहे.

माझे यजमान तापाने गेले तेव्हा मागे एक जुनी विलायती मोटार राहिली. कर्जत स्टेशनावरून खालापूरच्या कचेरीपर्यंत माणसं आणि टपालाची थैली न्यायची, संध्याकाळी परत यायचं, हा तिचा धंदा. चालवायला भिसेगावचा धोंडू होता, पन्नाशीचा, तोंडाने फटकळ आणि हाताने सावध. बाकी सगळं, टपाल, तेल, टायर, उतारूंची भांडणं, यजमान अंथरुणाला खिळले तेव्हापासून माझ्याकडेच आलं होतं. मोटार मात्र दोघा भावांच्या नावावर होती. माझ्या दिरांना तिचं प्रेम नव्हतं आणि भरवसा तर मुळीच नव्हता.

त्यांना दोष देत नाही. मोटार पाणी गाळत होती. कर्जतला टाकी काठोकाठ भरावी तर निम्म्या वाटेवर तोंडातून वाफा. धोंडू झाकण उघडायचा, उतारू खाली उतरायचे आणि वकील, कारकून, साक्षीदार सगळे हातात डबे घेऊन ओढ्यावर. कचेरीत उशीर झाला की मामलेदार विचारायचे आणि उतारू सांगायचे, "बाईंच्या मोटारीला तहान लागली होती." ही थट्टा थेट कशेळ्याच्या बाजारापर्यंत पोचली. तिथल्या बाया मला विचारायच्या, "काय गं, तुमची मोटार कंच्या विहिरीवर जाते?"

एका मंगळवारी दिरांनी गोड शब्दांत सांगितलं की पनवेलचा एक भंगारवाला सोमवारी येऊन मोटार घेऊन जाईल. "आणि वहिनी, तुमची काळजी करू नका. स्वयंपाकघरामागची खोली रिकामी करून घेतली आहे. घरातच राहा, हिला हाताखाली कुणीतरी हवंच आहे." मी त्रेचाळीस वर्षांची होते. उरलेली सगळी वर्षं जावेच्या चुलीपुढे, ती सांगेल तेवढं पीठ मळत बसायचं, हे मला ताटात वाढल्यासारखं समोर दिसलं. मी विचारलं, "आणि भावोजी, गाडी नीट झाली तर?"

ते हसले. "नीट? पाणी न घालता बोरघाट चढून दाखवा. विकण्याची गोष्ट पुन्हा काढणार नाही."

थट्टेने बोलले, पण जावेच्या आणि धोंडूच्या देखत बोलले. मी तेवढाच शब्द धरून ठेवला. हातात सहा दिवस होते.

खोपोलीच्या एका मिस्त्रीला आधीच दाखवून झालं होतं. त्याने मुंबईहून नवी टाकी मागवा म्हणून सांगितलं, म्हणजे महिना गेला. धोंडूने तर मला न विचारताच स्वतःचा उपाय करून टाकला होता. दोन मुठी हळद टाकीत. "सगले डायवर ह्येच करतात, बाई. हलद फुगते, भोक बुजतं." भोक बुजलं नाही. आधी पांढरं पाणी गळायचं, आता पिवळं गळायला लागलं. मी चिडून टाकीकडे बघत उभी होते, तेव्हा तिची जाळी निरखताना मनात आलं, हे तर तांबं-पितळ आहे. मोटारवाल्यांना जमत नसेल तर भांडीवाल्याला का विचारू नये? त्याच दुपारी धोंडूच्या डोक्यावर टाकी देऊन मी तुमच्या दुकानात आले.

तुम्ही घंगाळाचा काठ ठोकत बसला होता. मान वर न करता म्हणालात, "ह्ये काय आणलंस गं बाय? मधाचं पोळं?"

"मोटारीची पाण्याची टाकी, काका. गळते."

"मोटारीला पाणी कशाला? आंघोळ करते का काय ती?"

"आत विस्तव असतो. त्याच्या भोवती पाणी फिरतं. नाहीतर इंजिन जळेल."

तुमची हातोडी थांबली. "म्हंजे बंब."

"बंबच. पळणारा."

"मंग रडतेस कशाला? बंब मी पन्नास वर्सं करतोय."

पुढचे दोन दिवस मी तुमच्या दुकानातून हलले नाही. लोक म्हणाले, बाई तांबटाकडे कामाला लागली. मला ते पाहायचंच होतं. तुम्ही टाकीत चिंचेचं कढत पाणी भरून ठेवलंत आणि आतून हळदीचा जो चोथा निघाला तो बघून धोंडूला विचारलंत, "डाळ घालायची राहिली का रं? फोडणी?" मग टाकी वाळवून बाहेरून सगळीकडे पातळ चुना फासलात. चुना सुकून पांढराफटक झाला, तेव्हा आत गरम पाणी ओतलंत आणि माझ्या हातात एक काडी दिलीत. "डोळे मोठे कर आन् बघ. जिथं काळा ठिपका दिसल तिथं काडी लाव." तीन ठिपके उठले. माझ्या आयुष्यात मी शोधलेली ती पहिली भोकं. तुम्ही घासलंत, नवसागर लावलात, कथलाचा डाग देऊन भोकं बुजवलीत. मग वरची-खालची तोंडं लाकडी गुडद्यांनी ठोकून बंद केलीत, टाकी हौदात बुडवलीत आणि एका तोंडातून भात्याने वारा भरलात. एकही बुडबुडा आला नाही. रबराच्या जोडनळीला चीर होती, तीही बदलली. गुरुवारी सकाळी मोटार ढकलत तुमच्या दुकानापुढे आणली आणि टाकी तिला बसली.

आणि मग, काका, तुम्ही तो उपद्व्याप केलात.

टाकीच्या तोंडापासून एक बारीक नळी निघते आणि खाली जमिनीकडे उघडी सुटते. पाणी जास्त झालं, वाफ साठली, तर तिथून निघून जावी म्हणून ती असते. मी टपालकचेरीत गेले होते. धोंडू विडी ओढायला गेला होता. तुम्ही एकटे मोटारीपुढे उकिडवे बसून आपलं काम न्याहाळत होता आणि त्या नळीच्या टोकाला तुम्हाला एक थेंब दिसला. तुमच्या दुकानातून पन्नास वर्षांत गळकं भांडं बाहेर गेलेलं नव्हतं. तुम्ही शेगडी पेटवलीत आणि त्या नळीला डाग देऊन तिचं तोंड कायमचं बंद केलंत. वर कुणाला सांगितलंही नाहीत, कारण ते काम तुम्ही भर म्हणून केलं होतं.

दुपारी मोटार सुरू करायची म्हणून अर्धा बाजार जमला. दीरही आले. धोंडूने हँडल मारलं, इंजिन लागलं, तुम्ही टाकीवर हात ठेवून म्हणालात, "बघा, थेंब पडतोय का." थेंब पडत नव्हता. पान लावून तोंडात टाकावं इतका वेळ गेला असेल. तेवढ्यात फाडकन आवाज झाला, टाकीचं झाकण समोरच्या वाण्याच्या कौलांवर जाऊन आदळलं आणि पाण्याचा लोट तुमच्या अंगावर आला. तुम्ही "मेलो, मेलो!" करत मागच्या मागे बसलात. मी भाजल्यावर लावायला चुन्याची निवळी आणि खोबरेल आणायला धावले. दोन पावलं गेले असेन, मागून तुमचा आवाज आला, अगदी वेगळा.

"बाय, थांब. ह्ये कोमट हाय."

मी परत फिरले. तुमच्या दंडावरून निथळणारं पाणी बोटाने पाहिलं. खरंच कोमट. बाळाला न्हाऊ घालावं इतकं. दीर म्हणाले, "झाला ना तमाशा? वहिनी, आता तरी पुरे करा." माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पाणी उकळलेलं नाही, मग झाकण कुणी उडवलं?

वाकून पाहिलं तर नळीच्या तोंडाला तुमचा चकचकीत डाग.

"काका, ही नळी कुणी बुजवली?"

"मी. गळत व्हती."

"ती गळायलाच ठेवलेली असते!"

"गळायला नळी ठेवतं का कुणी? तुझ्या मोटारवाल्याला अक्कल नाय." सगळा बाजार हसला. दीर सगळ्यांत मोठ्याने हसले. तुम्ही ओल्या सदऱ्यात तसेच बसलेले, मिशांतून पाणी गळतंय आणि तोऱ्यात काडीइतकी कमी नाही. मला हसू आलं नाही, कारण मला काहीतरी समजायला लागलं होतं. जे काही आतून जोर करत होतं ते रोज त्या नळीतून पाणी बरोबर घेऊन गुपचूप निघून जात होतं. तुम्ही वाट अडवलीत म्हणून ते पहिल्यांदा उघड्यावर आलं.

नळी तुमच्याकडूनच पुन्हा उघडून घेतली. टाकीत विहिरीचं गार पाणी भरलं, झाकण काढूनच ठेवलं आणि धोंडूला हँडल मारायला सांगितलं. टाकीच्या तोंडात पाणी बुडबुडायला लागलं. मी हात घातला. पाणी थंड, आणि बुडबुडे एकामागून एक, भाताच्या पेजेला आधण यावं तसे. तुम्हीही हात घातलात.

"काका, बंबाची आतली नळी फुटली तर पाणी कुठे जातं?"

"इस्तवावर."

"जमीन ओली होते?"

"कशी व्हईल? आतल्या आत पडतं. इस्तव सूं सूं करतो, वरून पांढरी वाफ..." बोलता बोलता तुम्ही थांबलात. उठून मोटारीच्या मागे गेलात. मीही आले. भर उन्हात, कोरड्या वाऱ्यात, धुराच्या नळीतून पांढरी वाफ निघत होती. तुम्ही तळहात धरलात, तो ओला झाला. "अगं बाय," तुम्ही हळूच म्हणालात. "ह्ये आतून फुटलंय. आपण बाह्येरून लिंपत बसलो."

इंजिनात विस्तवाची चार घरं, प्रत्येकाला ठिणगीचा एक प्लग. धोंडूने चारही काढून दिले. तीन काजळीने काळे. चौथा, नुकत्याच घासलेल्या वाटीसारखा लख्ख. त्याच्याच घरात पाणी शिरत होतं.

दिरांनी तिथेच निकाल देऊन टाकला. "म्हणजे आता इंजिन उघडायचं? मुंबईचा माणूस नाही, हत्यारं नाहीत. उघडणार कोण? हे तांबट आणि वहिनी?"

तुम्ही सदरा पिळत होता. पिळून झाला, खांद्यावर टाकलात आणि म्हणालात, "मी उघडतो, भाऊ. पण माझ्या डोक्यानं नाय. बाय सांगल तसं."

काका, या वाक्याकडे मी परत येईन. आधी काम सांगते.

शुक्रवारी इंजिनाचं वरचं झाकण उतरवलं. त्याला मोटारवाले हेड म्हणतात. हेड आणि खालचा लोखंडी ठोकळा यांच्या मध्ये एक पातळ पॅकिंग असतं, पाणी आणि विस्तव यांना वेगळं ठेवणारं. ते चौथ्या घरापाशी नखभर जळून गेलं होतं, करपलेल्या भाकरीच्या कडेसारखं. नखभरच. एवढ्याशा जागेसाठी वर्षभर वकील ओढ्यावर जात होते. नवं पॅकिंग मुंबईहून यायला आठवडा लागला असता आणि सोमवार तीन दिवसांवर होता. तुम्ही जुनं पॅकिंग नखाने खरवडलंत. वर तांब्याची कातडी, आत पांढरट पुठ्ठ्यासारखं काहीतरी. "आतलं मला येत नाय," तुम्ही म्हणालात. "नुसत्या तांब्याचं करून देतो. मऊ करीन असं की कुठंबी बसल."

तुमचं ते काम पाहायला मुंबईचा मिस्त्री हवा होता. परातीचा पत्रा घेऊन तुम्ही तो हेडवर पसरलात, लाकडी मोगरीने हलके ठोकलात आणि खालच्या सगळ्या भोकांच्या कडा पत्र्यावर उमटल्या. चार मोठी, बोल्टांची बारीक, पाण्याची वेडीवाकडी. छिन्नीने एकेक कापून कानशीने कडा मारलीत. मग पत्रा लालबुंद तापवून पाण्यात बुडवलात आणि माझ्या हातात दिलात. चामड्यासारखा वाकत होता. मी वर्षानुवर्षं तांब्याची भांडी घासली, पण तांबं असं मऊ होतं हे मला माहीत नव्हतं.

तिथेही भांडलोच. तुम्ही कल्हई करायला निघालात. "गरम पाण्याचं तांबं बिनकल्हईचं माझ्या दुकानातून जाणार नाय."

"काका, यात कुणी आमटी ठेवायची नाही. इतक्या आचेला कथील वितळून जाईल."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना दिसणारच नाही!"

"मला दिसतंय ना," तुम्ही म्हणालात. पण कल्हई केली नाहीत.

हेडचा पृष्ठभाग सपाट आहे का, ते कसं कळणार? मला एकदम आरसा आठवला. यजमान गेल्यावर जावेने माझ्यासमोरून उचलून माळ्यावर टाकला होता. चांगली जाड काच होती. तो उतरवून आणला, त्यावर तेलात कालवलेला शेंदूर अगदी पातळ पसरला आणि हेड उपडं घासलं. उंचवट्यांवरच लाल लागलं, मधला भाग कोरा. धोंडूने कुरुंदाच्या दगडाने घासायचं, मी शेंदूर लावून पाहायचं, असं शनिवारी दिवस मावळेपर्यंत चाललं. "बाई, माजं मनगट झिजलं, हेड तसंच हाय," धोंडू म्हणाला. संध्याकाळी हेड सगळीकडे सारखं लाल झालं. तुम्ही म्हणालात, "झाला मारुती."

रविवारी बोल्ट आवळायचे होते. तुम्ही एका टोकापासून सुरू करणार होता, भांड्याचा काठ वळवता तसे. यजमानांची एक इंग्रजी पुस्तिका होती. मला इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात, आणि चित्रात एकचा आकडा मधल्या बोल्टावर होता. दोन त्याच्या शेजारी, तीन पलीकडे, असं करत कडेला. मी म्हटलं, "मधून कडेला, काका. पापड लाटतात तसं. कडेने धरलं तर मध्ये फुगा राहतो." तुम्ही पान्यावर हात ठेवून पुस्तिकेकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत. "पापडाचं म्हनशील तर पटलं," म्हणालात. थोडं थोडं, तीन फेऱ्यांत आवळले. इंजिन तापवून पुन्हा एकदा आवळले. टाकीच्या तोंडात पाणी स्वस्थ पडून होतं, एक बुडबुडा नाही. धुराच्या नळीवर हात धरला, कोरडा.

सोमवारी आम्ही सहाजण निघालो असतो, पण जाऊबाई म्हणाल्या मला तमाशा बघायचा नाही. म्हणून पाच. धोंडू, त्याच्या शेजारी तुम्ही, मांडीवर भरलेली घागर. मागे मी, दीर, आणि पनवेलचा भंगारवाला. तोही चढून बसला. "वाटेत बंद पडली तर तिथूनच घेऊन जाईन," म्हणाला. व्यवहाराला चोख माणूस.

मी त्या घागरीवरून तुमच्याशी वाद घातला होता. पाणी घालायचं नाही असं ठरलं असताना पाणी कशाला? तुम्ही म्हणालात, "पाण्याचं भांडं जवळ असावं, बाय. माझा हात घागरीवर असला म्हंजे मला धीर येतो." खालापूर गेलं. कचेरीपुढच्या लोकांनी हात केले. खोपोली गेली. घाट सुरू झाला. मी झाकणाकडे बघत होते, दीर झाकणाकडे बघत होते, भंगारवाला झाकणाकडे बघत होता. झाकण जागच्या जागी. इंजिन तापलं होतं, खरी गोष्ट. चढावर कुठलंही तापतं. पण वाफेची रेघसुद्धा नव्हती.

शिंग्रोबाच्या देवळापाशी सगळ्या मोटारी थांबतात. देवाला पैसा टाकायचा आणि इंजिनाला पाणी पाजायचं. आम्हीही थांबलो, देवासाठी. पुढे एक मोठी नवीकोरी मोटार उभी होती, मुंबईच्या कुणा शेटची. वाफांनी तिचं तोंड दिसत नव्हतं. शेट बाजूला पागोटं सावरत उभे, त्यांचा ड्रायव्हर रिकामा डबा घेऊन इकडेतिकडे बघतोय. तुम्ही घागर घेऊन उतरलात. मला वाटलं देवाला पाणी घालणार. तुम्ही सरळ त्या मोटारीपाशी गेलात, तिचं इंजिन निवेपर्यंत उभे राहिलात आणि आपली अख्खी घागर तिच्यात ओतून टाकलीत.

"अहो, तुम्हाला लागेल की," शेट म्हणाले.

"आमच्यात जागा नाय, शेट. भरलेली हाय."

रिकामी घागर काखेत मारून तुम्ही परत आलात आणि दिरांकडे बघितलंसुद्धा नाहीत. काका, माणसाला असं चालताना मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. त्या मोटारीपासून आपल्या मोटारीपर्यंत वीस पावलं असतील, तुम्ही ती मिरवणुकीसारखी चाललात.

वर खंडाळ्याला पोचल्यावर दिरांनी स्वतः फडक्याने झाकण उघडलं. पाणी सकाळी होतं तिथेच, तोंडाच्या बोटभर खाली. भंगारवाला म्हणाला, "मग मला आणलं कशाला?"

"हवा खायला," धोंडू म्हणाला.

दीर मला म्हणाले, "वहिनी, मी ती खोली रिकामी करून घेतली होती." रागाने नव्हे. खरंच त्यांना कळेना आता त्या खोलीचं काय करायचं.

माझ्याआधी तुम्हीच बोललात. "लाकडं भरा, भाऊ. पावसाळ्यात सुकी राहतील."

दीर शब्दाचे पक्के निघाले, हे लिहायलाच हवं. त्यांनी पुन्हा विकण्याची गोष्ट काढली नाही, आणि पुढे आपला हिस्साही माझ्या नावावर करून दिला. आता कधी कामाला खालापूरला जायचं असलं तर माझ्याच मोटारीत बसतात आणि इतर उतारूंना सांगतात की घाट चढलो तेव्हा मी होतो बरं का.

आता आपला वाद. त्या दिवसापासून तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात की नळी तुम्ही मुद्दाम बुजवली. रोग उघड्यावर यावा म्हणून. मी दर वेळी म्हटलं, साफ खोटं, थेंब दिसला म्हणून बुजवली. तुम्ही गिऱ्हाइकांसमोर सांगायचात, मी गिऱ्हाइकांसमोर खोडायची. गेल्या महिन्यात भेटायला आले तेव्हा तुमची सून म्हणाली, दोन दिवस बोलत नाहीत, ओळखतही नाहीत. मी पलंगापाशी बसले. बऱ्याच वेळाने तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "मुद्दाम बुजवली व्हती गं."

"नाही, काका."

"मुद्दाम."

"चुकून."

तुमच्या मिशा हलल्या. तुमची सून माझ्याकडे अशी बघत होती की काय ही बाई, मरणाच्या दारातल्या माणसाशी भांडते. बाहेर आल्यावर तिने मला बोलूनही दाखवलं, 'हो' म्हटलं असतं तर काय बिघडत होतं? मी तिला काही सांगितलं नाही. तुम्हाला सांगते. मी 'हो' म्हटलं असतं तर तुम्हाला तिथल्या तिथे कळलं असतं की आपली आशा संपली. मी भांडले म्हणून तुम्ही आणखी आठ दिवस पलंगावर तोऱ्यात पडून होता. सुनेनेच सांगितलं, त्या दिवशी तुम्ही पेज मागून घेतलीत.

तेव्हा तो वाद मी सोडत नाही. चुकून बुजवली होती. पण दुसरी गोष्ट मी कधीच बोलले नाही, ती आता बोलते.

"बाय सांगल तसं." भर बाजारात, दिरांसमोर, अंगावर पाणी निथळत असताना, ज्याच्यावर नुकतंच सगळं गाव हसलं होतं त्या साठी उलटलेल्या कारागिराने हे म्हटलं. तोवर मला वहिनी म्हणणारे पुष्कळ होते, बाई म्हणणारे होते, बिचारी म्हणणारेही होते. मी सांगेन तसं काम करतो असं कुणी म्हटलं नव्हतं. यजमानांनीही नाही, आणि ते चांगले होते. पॅकिंग तुम्ही घडवलंत, हेड धोंडूने घासलं, घाट मोटारीने चढला. पण मी त्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत गेले नाही ते त्या तीन शब्दांमुळे. त्या दिवसानंतर बाजारात कुणी माझ्याशी मोटारीबद्दल बोलताना धोंडूकडे बघून बोललं नाही. मी तुम्हाला तेव्हा 'उपकार झाले' म्हटलं नाही, कारण बोल्ट आवळायचे होते. नंतर म्हटलं नाही, कारण तुम्ही नळीवरून इतक्या फुशारक्या मारत होता की म्हणायची सोय ठेवली नव्हतीत. आता म्हणते. उपकार झाले, काका.

पाच वर्षं हेड उघडावं लागलेलं नाही. टायर बदलले, दिवे बदलले, धोंडूचे दोन दात गेले. तुमचं तांबं तिथेच आहे, बिनकल्हईचं.

आज संध्याकाळी खालापूरला कचेरीसमोर परतीच्या फेरीसाठी मोटार लागली होती. शेजारी आणखी दोन मोटारी, त्यांचे ड्रायव्हर डबे घेऊन विहिरीकडे चाललेले. एक नवा उतारू, तालुक्याला बदलून आलेला कुणी कारकून, आमच्या मोटारीत बसल्या बसल्या अस्वस्थ झाला. दोनदा त्या ड्रायव्हरांकडे बघितलं, दोनदा आमच्या टाकीकडे. शेवटी धोंडूच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "अहो, पाणी घालून घ्या ना. मला कर्जतला आगगाडी गाठायची आहे."

धोंडूने मागे वळून माझ्याकडे बोट केलं. "मला नाय इचारायचं. मोटार बाईंची हाय."

कारकुनाने माझ्याकडे वळून तेच पुन्हा विचारलं.

"गाडी गाठून देते," मी म्हटलं. "धोंडू, सोड."